घर लांब, ड्यूटी जवळ: क्लिनिकल रोटेशनच्या महिन्यांची आखणी

घरापासून दूर रोटेशन, म्हणजे रुग्णालयाच्या एकेका विभागात काही आठवडे काम करत शिकणं, करणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्याला सगळे एकच प्रश्न विचारतात: घरची आठवण येते का? येतेच. पण माणूस थकतो तो दुसऱ्याच गोष्टीने. दर काही आठवड्यांनी तुम्ही पुन्हा नवखे होता. सर्जरीच्या वॉर्डात ड्रेसिंगचं सामान कुठल्या कपाटात, रिपोर्ट कोणाकडे मागायचे, राउंडला कोणता सर काय विचारतो हे अंगवळणी पडेपर्यंत बालरोग विभागाची पोस्टिंग समोर उभी असते. घरी राहणाऱ्या सहकाऱ्याला संध्याकाळी निदान आपला दरवाजा, आपली माणसं मिळतात. तुमची खोलीही नवीन आणि शेजारीही.

म्हणून या लेखाचा रोख एकाच गोष्टीवर आहे. विभाग, जागा, वेळापत्रक बदलत राहणारच. त्यात न बदलणाऱ्या चार-दोन गोष्टी स्वतःच ठरवून घ्यायच्या आणि त्या निघण्याआधीच ठरवायच्या. पहिल्या नाइटला पहाटे काही ठरवण्याइतकं डोकं शिल्लक राहत नाही.

निघण्याआधी: लसी आणि कागद

सुरुवात लसींपासून करा, कारण त्यांना घाई चालत नाही. हिपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली अँटीबॉडी तपासायची. ती १० मिली-इंटरनॅशनल युनिट प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त असेल तर संरक्षण मिळालं असं मानतात. काही जणांच्या शरीरात पहिल्या मालिकेनंतर पुरेशी अँटीबॉडी तयारच होत नाही आणि त्यांना लसीकरण पुन्हा करावं लागतं. म्हणजे हे काम सात-आठ महिने आधी हातात घ्यायला हवं. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांच्या लसींची नोंद, क्षयरोगाची तपासणी हेही बहुतेक रुग्णालयं मागतात. लहानपणाचं लसीकरण कार्ड घरच्या कपाटात राहिलं की ऐन वेळी फोनाफोनी होते. त्याचा फोटो आजच काढून ठेवा.

एन-९५ मास्क चेहऱ्यावर नीट बसतो का याची चाचणी होत असेल तर करून घ्या आणि तुम्हाला बसलेला मास्क कोणत्या मापाचा होता ते लिहून ठेवा. दाढी असेल तर मास्कची कड त्वचेला चिकटत नाही, हे त्या चाचणीत लगेच कळतं.

ओळखपत्र, नोंदणी, विमा, लसींच्या नोंदी, स्वतः काही औषधं घेत असाल तर त्यांचं प्रिस्क्रिप्शन यांची एक प्रत फोनमध्ये, एक कागदावर आणि एक घरी विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. नियमित औषधं असतील तर पूर्ण रोटेशनला पुरतील एवढी बरोबर न्या. आपत्कालीन संपर्क म्हणून फक्त आईवडिलांचा नंबर देणं पुरेसं नाही. ते शेकडो किलोमीटरवर असतात. त्याच गावातल्या, रुग्णालयापर्यंत अर्ध्या तासात पोचू शकणाऱ्या एखाद्या माणसाचा नंबरही फॉर्मवर लिहा आणि त्याला तसं सांगून ठेवा.

पैशांबद्दल एवढंच: विद्यावेतन किंवा प्रवासखर्च उशिरा हातात येणं ही नेहमीची गोष्ट आहे. महिनाभराचा खर्च वेगळा काढल्याशिवाय निघू नका.

जागा निवडताना

सुंदर खोली आणि जवळची खोली यांत निवड करायची वेळ आली तर जवळची घ्या. रोजचा एका बाजूचा पाऊण तास महिनाभरात कित्येक रात्रींची झोप खातो. खोली बघताना दोन प्रश्न नक्की विचारा: दिवसा अंधार करता येतो का, आणि दिवसा आवाज किती असतो? खोली बघायला आपण संध्याकाळी जातो, तेव्हा शेजारचं बांधकाम बंद असतं. रूममेट असेल तर दोघांच्या नाइट वेगवेगळ्या आठवड्यांत येतील हे गृहीत धरून दिवे, फोनची रिंग आणि पाहुणे यांबद्दल पहिल्याच दिवशी बोलून घ्या. पुढे भांडण होण्यापेक्षा हे बरं.

रुजू होण्याच्या आदल्या दिवशी खोलीपासून वॉर्डपर्यंत एकदा चालत जा. रात्री दोन वाजता याच रस्त्याने परतायला चालेल का, हेही त्याच फेरीत बघा.

आधीच्या बॅचमधल्या कोणाशी तरी बोला

छापील माहितीपत्रकापेक्षा अर्ध्या तासाचं हे बोलणं जास्त कामाचं असतं. राउंड कधी सुरू होतो आणि तुम्ही त्याआधी किती वाजता पेशंट बघून तयार असायला हवं. रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) कोण बनवतं आणि किती दिवस आधी लागतं. ड्यूटीची अदलाबदल कोणाला विचारून करायची. लॉगिन मिळायला किती दिवस लागतात. रात्री पाठ टेकायला जागा आहे का. कोणत्या गोष्टीवरून हमखास बोलणी बसतात. यातली रोस्टर बनवणाऱ्याची ओळख सगळ्यात मोलाची. त्या व्यक्तीला पहिल्याच दिवशी भेटून घरच्या महत्त्वाच्या तारखा सांगितल्या तर बरंच काही जमतं. रोस्टर लागल्यावर सांगितलं तर तीच विनंती कटकट ठरते.

पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात हुशारी दाखवायची गरज नाही, भरवसा मिळवायची आहे. वेळेवर या, नाव सांगा, कोणत्या वर्षाला आहात ते सांगा. पेशंटसमोर तर हे स्पष्टच सांगा की मी शिकणारा विद्यार्थी आहे. सिस्टरांशी ओळख करून घ्या. एखाद्या पेशंटची तब्येत कागदावर दिसण्याआधी बिघडत चालल्याचं बहुधा त्यांच्याच लक्षात येतं. ‘मला हा पेशंट बरा वाटत नाहीये’ असं अनुभवी सिस्टर म्हणाल्या की हातातलं काम टाकून उठायचं.

खिशातल्या छोट्या वहीच्या पहिल्या पानावर या गोष्टी हव्यात: आपत्कालीन कॉलचा नंबर, क्रॅश ट्रॉली (तातडीच्या औषध-साहित्याची गाडी) कुठे आहे, तुमच्या थेट वरच्या सिनिअरचा नंबर आणि तो उचलला गेला नाही तर पुढचा नंबर. वहीत पेशंटचं नाव लिहू नका. बेड नंबरही संपूर्ण माहितीसह लिहिलात तर ती वही रुग्णालयाबाहेर नेऊ नका. एक्स-रेचे, जखमांचे फोटो खासगी ग्रुपवर टाकायची सवय सगळीकडे दिसते. ती लावून घेऊ नका.

सिनिअरला फोन करायला नवी मुलं घाबरतात, आणि जी घरापासून दूर असतात ती जास्तच, कारण बोलणी बसल्यावर जाऊन बसायला त्यांना कोणी नसतं. याला उपाय म्हणजे बोलण्याचा ठरलेला साचा. एसबार नावाचा साचा अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आला. त्यात चार गोष्टी एकामागून एक सांगायच्या: आत्ता काय चाललंय, पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, आणि तुमच्याकडून काय हवंय. तो असा वापरायचा:

‘मॅडम, मेडिसिन वॉर्डातून इंटर्न बोलतेय. बेड १४चे पेशंट बिघडताहेत. वय ६२, काल न्यूमोनियासाठी दाखल झालेत. गेल्या तासाभरात श्वासाचा वेग १८ वरून ३० झालाय, ऑक्सिजन ८८ टक्के, बीपी ९० बाय ५०. मला सेप्सिसची शंका येतेय. ऑक्सिजन लावलाय. तुम्ही येऊन बघाल का? आणि तोवर मी काय सुरू करू?’

शेवटची दोन वाक्यं बरेच जण गिळतात. माहिती सांगून गप्प बसतात आणि पलीकडचा ‘बरं, लक्ष ठेव’ म्हणून फोन ठेवतो. काय हवंय ते तोंडाने मागा.

हँडओव्हरचंही, म्हणजे ड्यूटी संपताना पेशंट पुढच्याकडे सोपवण्याचंही, तसंच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आय-पास अभ्यासात ९ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत हँडओव्हरची ठरावीक पद्धत शिकवून लागू केली, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. ती पद्धत अशी: कोण जास्त आजारी, काय राहिलंय, अमुक झालं तर काय करायचं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. परत सांगायला लाजू नका, समोरच्याने कितीही घाई केली तरी.

नाइट ड्यूटी

या रोटेशनमध्ये सर्वात जास्त आखणी कशाची करायची असेल तर ती नाइटची. घरी कोणीतरी दार लोटून घेतं, फोन बाजूला ठेवतं, उठवतं. इथे ते सगळं तुम्हालाच करायचंय.

पहिल्या नाइटच्या दिवशी सकाळी उशिरा उठा आणि दुपारी दीड तास झोप काढा. नुसतं लोळून मोबाइल बघणं म्हणजे झोप नव्हे. ड्यूटीवर सोय असेल तर मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांची डुलकी घ्या. तास-दीड तास गाढ झोपून अचानक उठलं तर काही काळ डोकं जड राहतं आणि नेमका त्याच वेळी कॉल आला तर पंचाईत होते. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. सकाळी आठ-नऊला झोपायचं असेल तर पहाटे तीननंतर चहा-कॉफी नको.

पहाटे तीन ते पाच हा शरीराचा सगळ्यात मंद काळ. या वेळेत औषधाचा डोस मोजताना, विशेषतः लहान मुलांचा, इन्सुलिनचा किंवा पोटॅशियमचा, आकडा कागदावर लिहा आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, हे १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं आहे. दारू प्यायलेल्या माणसाप्रमाणेच जागरण झालेल्यालाही आपण ठीक आहोत असंच वाटत असतं.

परतताना स्वतः गाडी चालवू नका. अमेरिकेतल्या इंटर्नवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २४ तास किंवा त्याहून लांब ड्यूटीनंतर घरी जाताना अपघात होण्याची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. बस, रिक्षा, सहकाऱ्याची सोबत, काहीही चालेल. काहीच नसेल तर तिथेच तासभर झोपा आणि मग निघा.

खोलीवर आल्यावर हलकं काहीतरी खा, पडदे ओढा, फोन सायलेंट करा आणि झोपा. घरी फोन नंतर. रात्रभर जागून केलेल्या फोनवर आपण एक तर तुटक बोलतो नाही तर रडतो, आणि दोन्हींचा घोर घरच्यांना दिवसभर लागतो. शेवटच्या नाइटनंतर मात्र दिवसभर झोपू नका. तीन-चार तासांनी उठा, उजेडात फिरा आणि रात्री लवकर आडवे व्हा.

किती तास काम करायचं याचे नियमही माहीत असू द्या. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन या १८ वर्षांच्या मुलीचा रुग्णालयात मृत्यू झाला आणि थकलेल्या निवासी डॉक्टरांच्या तासांचा प्रश्न न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत गाजला. त्यातून आधी त्या राज्यात आणि २००३ साली अमेरिकाभर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. युरोपीय संघाच्या नियमात ती सरासरी ४८ तास आहे. तुम्ही जिथे आहात तिथला नियम वाचा आणि स्वतःचे तास खरे लिहा. कमी तास लिहून कोणाचंच भलं होत नाही, कारण पुढच्या बॅचचं रोस्टर त्याच आकड्यांवर ठरतं.

सुई टोचली तर

ही माहिती टोचल्यानंतर शोधायची नसते. पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा: रात्री दोन वाजता एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं कुठे मिळतात?

टोचल्यावर जागा साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, ब्लीच किंवा तसलं काही लावू नका. डोळ्यात उडालं असेल तर भरपूर पाण्याने किंवा सलाइनने धुवा. लगेच सिनिअरला सांगा, अपघाताची नोंद करा, ज्या पेशंटची सुई होती त्याच्या तपासणीची व्यवस्था सिनिअरकडून करवून घ्या आणि स्वतःचं रक्त द्या. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी चांगली, काही तासांच्या आतच. ७२ तासांनंतर ती सुरू करत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा असतो. संसर्गित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्हीचा धोका सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका मात्र ६ ते ३० टक्के, म्हणून सुरुवातीलाच लसीवर एवढा भर दिला. हिपॅटायटिस सीवर लस नाही. त्यासाठी ठरलेल्या वेळी पुन्हा तपासण्या कराव्या लागतात.

घरी सांगायचं का? माझं मत: आधी उपचार सुरू करा, आकडे समजून घ्या, आणि मग शांतपणे सांगा. पण सहकाऱ्यांपैकी एकाला तरी लगेच सांगा. २८ दिवस मळमळणाऱ्या गोळ्या घेत हे गुपित एकट्याने सांभाळायची काही गरज नाही.

घराशी धागा

घरच्यांना तुमच्या लांब असण्यापेक्षा तुमचा ठावठिकाणा नसण्याचा त्रास जास्त होतो. तुम्ही आत्ता झोपला आहात, राउंडवर आहात की ऑपरेशन थिएटरमध्ये, हे त्यांना कळत नाही. म्हणून रोस्टर लागलं की त्याचा फोटो घरी पाठवा. नाइट कुठल्या, सुट्टी कुठली, झोपेची वेळ कुठली हे खुणा करून दाखवा. ‘फोन का उचलत नाहीस’ हा वाद इथेच निम्मा मिटतो.

आठवड्यातून एक वेळ फोनसाठी ठरवा आणि ती ओपीडीसारखीच पाळा. रोजचा फोन जमला नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. मधल्या दिवसांत दोन ओळींचा निरोप किंवा आवाजातला छोटा संदेश पाठवा, ज्याला उत्तर आलंच पाहिजे असं नाही. तातडीसाठी एक खूण ठरवा: लागोपाठ दोनदा फोन आला तर जमेल तितक्या लवकर उचलायचा, एकदा आला तर नंतर करायचा.

नातेवाईक फोनवर रिपोर्ट वाचून दाखवतात आणि औषध विचारतात. इतक्या दुरून, पेशंट न बघता सल्ला देऊ नका. ‘आई, मी तुझ्या डॉक्टरांशी बोलते’ एवढं म्हणा आणि खरंच बोला. मुलीची जागा डॉक्टरकीने भरून निघत नाही.

लहान मूल घरी ठेवून आलेल्यांचं दुखणं वेगळं आहे. मुलांना वेळेच्या लांबीपेक्षा ठरलेली वेळ जास्त कळते. रोज झोपताना दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवणं, आणि नाइटच्या दिवसांसाठी ती आधीच रेकॉर्ड करून ठेवणं, हे जमण्यासारखं आहे. जोडीदारावर पडलेला भार मात्र रेकॉर्डिंगने हलका होत नाही. मदतीची व्यवस्था दोघांनी बसून, पैसे आणि वेळ मांडून, निघण्याआधीच ठरवायला हवी.

घरात गंभीर आजारपण आलं तर रजा कोण मंजूर करतं, किती दिवस चुकले तर रोटेशन पुन्हा करावं लागतं, हे आधीच वाचून ठेवा. आणि अशी वेळ आलीच तर पहिल्या दिवशीच सांगा. चार दिवस ओठ मिटून काम करत राहिलेला माणूस वॉर्डालाही जड जातो.

मन खचू लागलं तर

एकटेपणा येतो आणि जातो. पण सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली, आपण निरुपयोगी असल्याची भावना, असं असेल तर ते केवळ घरच्या आठवणीचं म्हणून सोडून देऊ नका. अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ साली काढलेल्या आकडेवारीत निवासी डॉक्टरांपैकी २८.८ टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं दिसली. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी २०१६ सालचा असाच आकडा २७.२ टक्के आहे, आणि ११.१ टक्के विद्यार्थ्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. म्हणजे तुमच्या युनिटमध्येही कोणीतरी असणारच.

रुजू होतानाच स्वतःसाठी एक डॉक्टर शोधा, शक्यतो तुमचे गुण न देणारा. स्वतःला गोळ्या लिहून घेणं किंवा कॉरिडॉरमध्ये मित्राकडून लिहून घेणं थांबवा. आत्महत्येचे विचार येत असतील तर त्या रात्री एकटे राहू नका: जवळच्या माणसाला बोलवा, हेल्पलाइनला फोन करा किंवा सरळ आपत्कालीन विभागात जा. तिथे तुमच्या ओळखीचे लोक असतील तर दुसऱ्या रुग्णालयात जा, पण जा.

पहिला मृत्यू बघितल्यावर त्याच दिवशी बोला, शक्यतो तिथे हजर असलेल्या कोणाशी तरी. घरच्यांना ते प्रेमाने ऐकता येतं, पण ‘आपण काही चुकलो का’ या प्रश्नाचं उत्तर सिनिअरच देऊ शकतो. अपमान, छळ, लैंगिक त्रास झाला तर तारीख, वेळ, शब्द, हजर माणसं हे त्याच रात्री लिहून ठेवा. तक्रार करायची की नाही हे नंतर ठरवता येईल, आठवणी मात्र नंतर पुसट होतात.

आणि आठवड्यातून एकदा रुग्णालयाशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांत जा. पळायला, गायला, खेळायला, कशालाही.

अभ्यास

रोज एक पेशंट, एक प्रश्न, वीस मिनिटं. बघितलेल्या आजारावरच वाचा, पुस्तक मिटून आठवलं ते लिहा, मग ताडून बघा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेतल्याने जास्त काळ लक्षात राहतं, हे २००६ सालच्या रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगात दिसलं होतं. लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) त्याच दिवशी भरा.

शेवटचा आठवडा

सही करणारे सर रजेवर कधी जाणार हे शेवटच्या आठवड्याच्या आधीच विचारा. लॉगबुकमधल्या राहिलेल्या सह्यांसाठी दुसऱ्या शहरातून खेटे घालणं फार महागात पडतं. अभिप्राय मागताना ‘मी कसा होतो?’ असं विचारू नका, त्यावर ‘चांगला’ एवढंच उत्तर मिळतं. ‘पुढच्या पोस्टिंगमध्ये मी कोणती एक गोष्ट वेगळी करावी?’ असं विचारा.

चाव्या, कार्ड, स्क्रब्स परत करा. तुमच्या खिशातल्या वहीतलं कामाचं, पेशंटची माहिती वगळून, एका पानावर उतरवून पुढच्या बॅचच्या मुलाला पाठवा. पुढची पोस्टिंग दुसऱ्या गावात असेल तर मध्ये निदान एक रिकामा दिवस मागून घ्या. आणि शेवटची ड्यूटी नाइट असेल तर घरी जायचं तिकीट त्याच सकाळचं काढू नका, दुसऱ्या दिवसाचं काढा.